मोटरहोममागे जीप ओढायची आहे: ब्रेक, थांबण्याचं अंतर आणि कायदा

फ्रीमाँटकर

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये कॅलिफोर्नियातून यलोस्टोनला मोटरहोम घेऊन जायचं ठरतंय आणि मागे जीप जोडायची आहे. जोडणीपेक्षा थांबण्याबद्दल जास्त शंका आहेत, म्हणून हा धागा.

मोटरहोम: फोर्ड ई-४५० चॅसिसवरचं ३१ फुटी क्लास सी (व्हॅनच्या पुढच्या भागामागे घर बांधलेलं), व्ही-१० पेट्रोल इंजिन. सामान, पाणी, माणसं धरून कमाल वजन १४,५०० पौंड. ओढलेल्या गाडीसकट एकूण मर्यादा २२,००० पौंड. हिचवर (मागची गाडी जोडायची जागा) ५,००० पौंडांची पाटी आहे.
मागची गाडी: २०१५ ची चार दारांची जीप रँग्लर, ऑटोमॅटिक. काट्यावर ४,४०० पौंड भरली. चारही चाकं रस्त्यावर ठेवून टो-बारने (दोन गाड्या जोडणारा दांडा) ओढायची, डॉली (पुढची चाकं उचलून धरणारा छोटा गाडा) नको.

प्रश्न असे:
१. हिच बसवणाऱ्याचं म्हणणं, "२२,००० ची मर्यादा आहे, तुमचं सगळं मिळून १८,९०० होतं, मोटरहोमचे ब्रेक पुरतात." हे बरोबर आहे का?
२. कायदा नक्की काय मागतो? कुठे १,५०० पौंड लिहिलंय, कुठे ३,०००, कुठे "४० फुटांत थांबली पाहिजे".
३. जीपच्या पेडलवर बसणारा सुटा ब्रेक घ्यावा की कायमचा बसवून घ्यावा?
४. पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं?

वजनकाटा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट नाही. २२,००० हा आकडा इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल आणि चॅसिस किती ओढू शकतात त्याचा आहे. मोटरहोमचे ब्रेक एकट्याने तेवढं थांबवतील असं तो सांगत नाही. फोर्डच्या टोइंग गाइडमध्येच १,५०० पौंडांवरच्या ओढलेल्या गाडीला स्वतंत्र चालू ब्रेक यंत्रणा हवी असं म्हटलंय. तुमची जीप त्याच्या जवळपास तिप्पट आहे.

आता हिशोब. सोपा आहे, कागदावर करून बघा.

ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. समजा तुमचं मोटरहोम एकटं, कोरड्या रस्त्यावर, गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट मंदनाने (वेग कमी होण्याच्या दराने) थांबतं. ब्रेक लागल्यापासून अंतर येतं सुमारे २०० फूट. आता जीप जोडली पण तिला ब्रेक नाही. जीपचे टायर थांबवायला काहीच मदत करत नाहीत, सगळा जोर मोटरहोमच्याच सहा टायरांवर. जोर तेवढाच, वजन १४,५०० वरून १८,९०० वर. अंतर त्याच प्रमाणात वाढतं: २०० गुणिले १८,९०० भागिले १४,५००, म्हणजे २६१ फूट.

६१ फूट जास्त हे ऐकायला फार वाटत नाही, म्हणून तेच दुसऱ्या बाजूने बघा. एकटं मोटरहोम जिथे पूर्ण थांबलं असतं, त्या २०० फुटांच्या खुणेपाशी ब्रेक नसलेली जीप मागे असलेलं मोटरहोम अजून ताशी २९ मैलांनी चालत असतं. समोर कुणाची गाडी उभी असेल तर धडक त्या वेगाने बसते.

जीपच्या स्वतःच्या चाकांना मध्यम जोराचा, समजा ०.४ पटीचा ब्रेक मिळाला तर हेच अंतर २१७ फुटांवर येतं. म्हणजे मागचा ब्रेक अचूक आणि पूर्ण ताकदीचा नसला तरी वाढलेल्या ६१ फुटांपैकी ४४ फूट परत मिळतात. इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारी दुसरी कुठलीच गोष्ट या सेटअपमध्ये नाही.

यात चालकाचा वेळ धरलेला नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक चालकांच्या हँडबुकमध्ये धोका दिसून लक्षात यायला पावणेदोन सेकंद आणि पाय ब्रेकवर जायला पाऊण सेकंद धरतात. अडीच सेकंदांत ६० च्या वेगाने २२० फूट आधीच गेलेले असतात. एकूण धरा: जीपला ब्रेक नसताना ४८१ फूट, असताना ४३७.

आणखी एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. वळणावर ब्रेक दाबला की बिनब्रेकची जीप मोटरहोमच्या शेपटीला सरळ रेषेत ढकलते, वळणाच्या दिशेने नाही. क्लास सी चा मागचा अ‍ॅक्सल ते बंपर हा भाग लांब असतो, त्यामुळे हा धक्का मोठ्या तरफेने लागतो आणि मागची चाकं बाजूला सरकू पाहतात. ओल्या रस्त्यावर तर नक्कीच.

हमरस्ता

कायद्याबद्दल. गोंधळ होतो कारण दोन वेगळ्या अटी आहेत आणि लोक त्या एकात मिसळतात.

एक अट वजनाची: ओढलेलं वाहन अमुक वजनावर असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक हवेत. हा आकडा राज्यागणिक बदलतो. कुठे १,५०० पौंड, बऱ्याच राज्यांत ३,०००, टेक्ससमध्ये ४,५००. त्यातच काही राज्यांच्या कायद्यात "ट्रेलर" हा शब्द आहे आणि टो-बारने ओढलेली मोटारगाडी त्या व्याख्येत बसते की नाही यावर वाद घालता येतो. ४,४०० पौंडांच्या जीपला असा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. तुम्ही तीन-चार राज्यं ओलांडणार, सगळ्यांत कडक नियमाला पुरेल असा सेटअप करा.

दुसरी अट कामगिरीची: सगळी जोडगाडी ताशी २० मैलांवरून ठरलेल्या अंतरात थांबली पाहिजे. वाहनाच्या प्रकारानुसार आणि राज्यानुसार जोडगाड्यांसाठी हे साधारण ४० ते ५० फूट असतं. यावरून "माझी गाडी ४० फुटांत थांबते, मग मला ब्रेकची गरज नाही" असं म्हणणारे भेटतात. २० मैलांच्या वेगावर ४० फूट म्हणजे फक्त ०.३३ पट मंदन. वजनकाटा यांच्याच आकड्यांनी बघितलं तर बिनब्रेकच्या जीपसकट तुमचं मोटरहोम २० वरून २९ फुटांत थांबेल, म्हणजे आरामात पास. पण वेग तिप्पट झाला की अंतर नऊपट होतं, आणि उतारावर ब्रेक तापलेले असतात. २० मैलांची चाचणी ही ब्रेक मोडके नाहीत ना एवढंच तपासते. तिच्यावर ६० मैलांचा निर्णय घेऊ नका.

तिसरी गोष्ट, मागची गाडी सुटली तर तिचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. याला ब्रेकअवे स्विच लागतो (गाडी सुटली की केबलने त्याची पिन ओढली जाते आणि ब्रेक लागतात) आणि ३,००० पौंडांवर तो बहुतेक ठिकाणी सक्तीचा आहे. सेफ्टी चेन किंवा केबल सगळीकडेच लागतात.

कॅलिफोर्नियात काहीही ओढत असाल तर वेगमर्यादा ५५, पाटीवर कारसाठी ७० लिहिलेलं असलं तरी. लेन उजवीकडचीच. एका दिशेला चार किंवा जास्त लेन असतील तर उजवीकडच्या दोन चालतात. नेव्हाडा आणि आयडाहोत पाट्यांवरचा आकडा बराच मोठा असतो, पण तुमच्या टायरांना आणि ब्रेकना राज्याची सीमा कळत नाही. ६० च्या वर जाऊ नका.

कॅनडात जाणाऱ्यांसाठी: ब्रिटिश कोलंबियात मोटरहोममागची मोटारगाडी २,००० किलोच्या आत आणि मोटरहोमच्या कमाल वजनाच्या ४० टक्क्यांच्या आत असेल तर ब्रेकची सूट आहे. २,००० किलो म्हणजे ४,४०९ पौंड. तुमची जीप ४,४००. आत एक टूलबॉक्स टाकला की सूट गेली.

गॅरेजवाली

तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण ब्रेक विकत घेतला तरी तो चुकीचा लावला जातो आणि मग लोक यंत्राला दोष देतात.

तुमच्यासाठी व्यवहारात दोन पर्याय. सुटा: ड्रायव्हरच्या पायाशी ठेवायची पेटी, तिचा दांडा जीपच्या ब्रेक पेडलला पकडतो, मागचा भाग सीटला टेकतो. ब्रेक बडी, ब्लू ऑक्स पेट्रियट ही त्यातली ओळखीची नावं. कायमचा: डॅशखाली किंवा बॉनेटखाली बसवलेला छोटा सिलिंडर आणि पेडलला बांधलेली केबल. एअर फोर्स वन हे नाव तुमच्या वाचनात येईल, पण ते एअर ब्रेक असलेल्या मोठ्या कोचसाठी आहे. ई-४५० चे ब्रेक हायड्रॉलिक, त्यामुळे ते तुमच्या कामाचं नाही.

एकच जीप कायम ओढणार असाल तर कायमचा घ्या. रोज सकाळी पेटी बसवणं आणि संध्याकाळी काढणं यात चूक व्हायची जागा रोज तयार होते. गाड्या बदलत असाल तर सुटा.

आता मुख्य मुद्दा. जीप ओढताना इंजिन बंद असतं. इंजिन बंद म्हणजे ब्रेक बूस्टरला (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणारा भाग) नवा व्हॅक्यूम मिळत नाही. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. सुट्या पेट्या या कडक पेडलसाठीच जुळवलेल्या असतात. त्यामुळे पेटी लावण्याआधी इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबायचं, कडक होईपर्यंत. हे विसरलं तर पेटी पहिल्याच वेळी मऊ पेडलवर पूर्ण जोर लावते. ओढताना जीपचं एबीएस (चाकं अडकू न देणारी यंत्रणा) जागं नसतं, त्यामुळे चाकं अडकून टायरवर सपाट चट्टे पडतात. त्यानंतर तो टायर प्रत्येक फेरीला ठोके देतो आणि बदलण्याशिवाय इलाज नसतो.

उलट, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक बूस्टरच्या गाडीत इंजिन बंद असतानाही पेडलला मदत मिळत राहू शकते. अशा गाडीसाठी पेटीवर वेगळा मोड असतो, तो निवडावाच लागतो. तुमच्या २०१५ च्या जीपला हा प्रश्न नाही.

पेटी लावायचा क्रम असा ठेवा:

सपाट जागी, जीप जोडल्यावर, पायाशी असलेली मॅट काढा. जाड रबरी मॅटवर पेटी सरकते आणि पेडलवरचा जोर अर्धा होतो. सीट मागे घेऊन पेटी ठेवा, पेडलचा क्लॅम्प घट्ट करा, मग सीट पुढे आणून पेटीच्या पाठीला टेकवा. टेकवा म्हणजे टेकवाच, दाबू नका. सीटने पेटी पुढे रेटली की पेडल थोडंसं दाबलेलं राहतं. ओळखायची खूण म्हणजे जीपचे ब्रेक लाइट. पेटी निवांत असताना ते पेटलेले दिसले तर सीट एक खाच मागे घ्या. हे बघितलं नाही तर पॅड सगळा प्रवासभर घासत जातात.

मग १२ व्होल्टची जोडणी. जीपचं लायटर सॉकेट किल्ली काढल्यावरही चालू राहतं का ते तपासा. राहत नसेल तर बॅटरीवरून फ्यूज लावून वेगळी वायर घ्या. दिवसभर पेटी आणि ब्रेक लाइट जीपच्या बॅटरीवर चालतात, म्हणून मोटरहोमच्या सॉकेटमधून जीपच्या बॅटरीला चार्ज लाइन ओढून ठेवा. बॅटरी उतरली की ब्रेकही गेला आणि ब्रेकअवेही.

ब्रेकअवेची केबल मोटरहोमच्या फ्रेमला किंवा हिचच्या पक्क्या भागाला अडकवायची. हिचमध्ये सरकवून बसवलेल्या ड्रॉबारला (जोडणीचा दांडा) नाही, सेफ्टी केबललाही नाही, कारण ड्रॉबारच निसटला तर तीही त्याच्याबरोबर जाते आणि पिन ओढलीच जात नाही. लांबी अशी की पूर्ण वळणात ताणली जाऊ नये आणि रस्त्यावर घासू नये. प्रत्येक सहलीच्या सुरुवातीला पिन ओढून बघा: पेडल खाली गेलं पाहिजे आणि जीप हलता कामा नये. पिन लगेच परत घाला.

दिव्यांचं वायरिंग बसवताना एक गोष्ट विचारून घ्या. अमेरिकेत बऱ्याच मोटरहोमवर ब्रेक आणि वळणाचा दिवा एकाच लाल बल्बवर असतो. पेटीने जीपचं पेडल दाबलं की जीपचा स्वतःचा ब्रेक स्विचही दिवे लावतो. मोटरहोमकडून उजव्या वळणाचा इशारा येत असताना जीपचा स्विच तोच बल्ब सतत पेटता ठेवत असेल तर मागच्या चालकाला वळणाचा इशारा दिसतच नाही. डायोड आणि ब्रेक लाइट रिले लावून हे सुटतं. तपासायला दोन माणसं लागतात: एक जीपच्या पेडलवर, एक मोटरहोमच्या इंडिकेटरवर.

फ्रीमाँटकर

खूप आभार. ताई, एक शंका. काही पेट्या मोटरहोमच्या ब्रेक लाइटशी न जोडता फक्त स्वतःतल्या सेन्सरवर चालतात. मोटरहोम हळू झालं की त्यांना कळतं आणि त्या पेडल दाबतात. मग लांब उतारावर, मी ब्रेकला पायही लावला नसताना, त्या काय करतील? आणि टेटन पास हा डोंगरी घाट ओलांडून वायोमिंगमधल्या जॅक्सनला जायचा बेत आहे, तिथे १० टक्के उतार आहे असं वाचलं.

गॅरेजवाली

हाच प्रश्न विचारायला हवा होता. सेन्सर म्हणजे लोलकच समजा. ब्रेक लागला की लोलक पुढे झुकतो. पण गाडी नाकाने खाली तिरकी असली की, वेग स्थिर असला तरी, लोलक पुढेच झुकतो. त्याला दोन्हींत फरक कळत नाही. ६ टक्के उतारावर सारख्या वेगाने उतरताना त्याला ०.०६ पट मंदन चालू आहे असं दिसतं. त्यात तुम्ही खालच्या गिअरमध्ये इंजिनने वेग कमी करत असाल तर आणखी भर पडते. संवेदनशीलता फार जास्त ठेवली असेल तर पेटी पूर्ण घाटभर जीपचे ब्रेक धरून ठेवते. खाली पोचेपर्यंत पॅड जळलेले असतात.

म्हणून दोन अटींवर चालणारी यंत्रणा घ्या: मोटरहोमचा ब्रेक लाइट पेटला आहे आणि मंदनही आहे, तरच पेडल दाबणारी. निव्वळ सेन्सरवाली असेल तर संवेदनशीलता सर्वांत कमी ठेवून सुरू करा, मोकळ्या पार्किंगमध्ये २५ मैलांवरून सामान्य ब्रेक दाबून बघा, आणि पेटी वेळेवर लागत नसेल तरच एकेक पायरी वाढवा. ब्रेक दाबताना जीप मागून ढकलतेय असं वाटलं तर जोर कमी आहे. मागून हिसका बसून ओढल्यासारखं वाटलं तर जास्त आहे.

पेटी लागली की मोटरहोमच्या डॅशवर दिवा लागेल असा रिमोट त्याच्याबरोबर येतो, तो नक्की लावा. पाय ब्रेकवर नसताना दिवा दिसला तर बाजूला थांबायचं.

घाटउतार

टेटन पासबद्दल आधी: जीप जोडलेली ठेवून जाऊ नका. रस्ता वायोमिंग २२, उतार १० टक्क्यांपर्यंत, आणि हिवाळ्यात तिथे ट्रेलरला बंदीच असते. जुलैत बंदी नसली तरी १८,९०० पौंडांची जोडगाडी घेऊन जाण्यासारखी ती जागा नाही. आयडाहो फॉल्सवरून यूएस २६ ने स्वान व्हॅली, अल्पाइन, मग स्नेक रिव्हर कॅन्यनमधून होबॅक जंक्शन आणि तिथून जॅक्सन. रस्ता नदीकाठचा, सौम्य. पास बघायचाच असेल तर जीप सुटी करून जीपनेच जा.

तुमच्या मार्गातला लांब उतार परतीच्या वाटेवर आहे: आय-८० वर डॉनर समिटपासून पश्चिमेला ऑबर्नकडे उतरताना. चढ-उतार करत तो कितीतरी मैल चालतो.

उतारावर किती ऊर्जा ब्रेकवर येते याचा अंदाज घ्या. ६ टक्क्यांचा ५ मैल उतार म्हणजे उंची १,५८४ फूट. १८,९०० पौंड तेवढे खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती ६० वरून शून्यावर १३ वेळा थांबण्याइतकी असते, आणि मधे थंड व्हायला वेळ नसतो. थोडी हवा खाते, थोडी टायर. बाकीची इंजिनने खाल्ली पाहिजे, डिस्कने नाही.

आपल्या घाटातले एसटी चालक शिकवायचे ते इथेही लागू आहे: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. जुन्या ट्रकना ते तंतोतंत लागू पडायचं. आजच्या गिअरबॉक्सला त्याहून एक खालचा लागू शकतो. तुमच्या गाडीत टो/हॉल बटण (ओझं असताना खालचे गिअर धरून ठेवणारं) आहे. ते उतार सुरू होण्याआधी दाबा आणि वेगही माथ्यावरच कमी करा. माथा ओलांडल्यावर गिअर शोधत बसलात तर उशीर झालेला असतो. इंजिनचा आवाज चढेल, व्ही-१० जोरात ओरडते, पण टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा काटा) लाल पट्टीच्या खाली असेल तोवर काळजी नको.

तरीही वेग वाढत असेल तर ब्रेक असा वापरा. सुरक्षित वेग ४० ठरवला आहे समजा. ४० ला पोचलात की ब्रेक ठाम दाबा, वेग जाणवण्याइतका कमी व्हायला हवा. साधारण तीन सेकंदांत ३५ ला आणा आणि पाय पूर्ण उचला. परत ४० होऊ द्या, परत दाबा. पाय सतत हलका ठेवून घासत उतरणं हीच ब्रेक तापवायची सर्वांत खात्रीची पद्धत. जीपच्या पेटीच्या दृष्टीनेही ठाम दाब चांगला, कारण तिला लागायचं कधी आणि सुटायचं कधी हे नीट कळतं.

आणि त्याच ६ टक्के उतारावर, जीपला ब्रेक नसेल तर, वजनकाटांचे २६१ फूट ३०० होतात. तेही ब्रेक थंड असताना.

हमरस्ता

चौथा प्रश्न राहिला. व्यावसायिक हँडबुकचा नियम: गाडीच्या दर १० फूट लांबीला एक सेकंद, ४० मैलांवर असाल तर आणखी एक. तुमचं मोटरहोम ३१, टो-बार ४, जीप १५, एकूण ५० फूट. म्हणजे ६ सेकंद. ५५ च्या वेगाने ते ४८४ फूट होतात. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा आणि सहा म्हणायच्या आधी तुमचा बंपर तिथे पोचला तर मागे या. त्या मोकळ्या जागेत कॅलिफोर्नियात कुणीतरी गाडी घुसवणारच. पाय थोडा उचलून परत सहा करा.

पाऊस असेल तर वेग एक तृतीयांशाने कमी: ५५ चे ३७. दाबलेल्या बर्फावर निम्मा किंवा त्याहून कमी.

वजनकाटा

जोडणीबद्दल काही गोष्टी, ज्यांचा थांबण्याशी थेट संबंध आहे.

टो-बार शक्य तितका आडवा हवा. मोटरहोमकडचं टोक आणि जीपकडचं टोक यांत ३ इंचांपेक्षा जास्त फरक नको. ई-४५० चं हिच बहुधा वर असतं, त्यामुळे ड्रॉप रिसीव्हर (जोडणीची जागा खाली आणणारा तुकडा) लागेल. टो-बार तिरका असला की जोरात ब्रेक लागल्यावर जीपचा रेटा सरळ न लागता वरखाली लागतो, जीपचं नाक मोटरहोमखाली घुसतं किंवा वर चढतं. ड्रॉप रिसीव्हरची स्वतःची क्षमता त्यावर छापलेली असते आणि ती हिचपेक्षा कमी असू शकते. हिच, रिसीव्हर, टो-बार, बेसप्लेट (जीपच्या पुढे टो-बार अडकवायला बसवलेला भाग) या चौघांतला सर्वांत लहान आकडा हाच तुमचा खरा आकडा.

सेफ्टी केबल टो-बारखाली फुलीसारख्या ओलांडून लावा.

रँग्लरच्या ट्रान्सफर केसची (पुढच्या आणि मागच्या चाकांना इंजिनची ताकद वाटणारा गिअरचा भाग) न्यूट्रलला टाकायची पद्धत तिच्या पुस्तिकेतून पायरीपायरीने करा. त्यातली एक पायरी लोक गाळतात: ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकल्यावर इंजिन चालू करून आधी रिव्हर्स, मग ड्राइव्ह, प्रत्येकी पाच सेकंद, ब्रेक सोडून. जीप जराही हलली तर ती न्यूट्रलमध्ये नाही. मग इंजिन बंद, गिअर पार्कमध्ये, किल्ली अशा ठिकाणी की स्टीअरिंग लॉक होणार नाही. ट्रान्सफर केस न्यूट्रल असताना पार्क गाडी धरत नाही, जीप उतारावर निघून जाऊ शकते, म्हणून जोडणी होईपर्यंत हँडब्रेक ओढलेला असावा. आणि जोडणी झाल्यावर तो सोडलेला असावा. निघताना जीपभोवती फिरून ही शेवटची गोष्ट हात लावून तपासा, नजरेने नाही.

जोडलेली असताना रिव्हर्स घेऊ नका, चार फूटही नाही. जीपची पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळतात आणि टो-बार किंवा स्टीअरिंगचे दांडे वाकतात. पेट्रोल पंपात शिरण्याआधी सरळ बाहेर पडता येईल ना ते बघा.

फ्रीमाँटकर

ड्रॉप रिसीव्हर लक्षातच नव्हता. आज मोजलं, हिच आणि बेसप्लेटच्या जागेत ७ इंच फरक आहे. कायमचा ब्रेक, दोन अटींवाला, असं ठरवतोय. निघण्याआधी मोटरहोमच्या स्वतःच्या ब्रेकचं काय बघून घेऊ?

गॅरेजवाली

७ इंच असेल तर ४ ते ६ इंचांचा ड्रॉप बघा. पाणी आणि सामान भरून, मोटरहोम खाली बसल्यावर परत मोजा आणि मगच घ्या.

मोटरहोमचं: ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं ते काढा. मोटरहोम वर्षातले कितीतरी महिने उभं असतं आणि फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ (फ्लुइडचा एक प्रकार) नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा शोषल्यावर ही हमी १४० अंशांवर येते. उतारावर ते उकळलं की पाइपमध्ये वाफ होते आणि पेडल जमिनीला टेकतं. दोन-तीन वर्षं झाली असतील तर बदलून घ्या, टोपीवर जे लिहिलंय तेच वापरा. पॅडची जाडी, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना मोकळ्या सरकतात का, आणि रबरी होजना चिरा आहेत का हे त्याच वेळी बघायला सांगा. उभ्या गाडीच्या पिना गंजून अडकतात आणि एकच पॅड झिजतो.

टायर: बाजूवर DOT अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१७ असेल तर २०१७ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही छान दिसली तरी जुना, कडक झालेला रबर ओल्या रस्त्यावर पकड देत नाही. हवा वजनाप्रमाणे भरा, त्यासाठी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि जीप अशी तीन वेगळी वजनं घ्या. हवा सकाळी, टायर थंड असताना.

शेवटचं, एक इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन ठेवा. पहिले दहा मैल झाल्यावर थांबा आणि जीपच्या चारही डिस्कचं तापमान मोजा. ब्रेक फारसे न वापरता आलात तर ते बाहेरच्या हवेपेक्षा थोडंच जास्त असावं. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर त्या कॅलिपरची पिन अडकलीय. चारही गरम असतील तर पेडल सुटत नाहीये: केबलचा ताण सैल करा, आणि हँडब्रेक परत एकदा बघा.